चातुर्मासाचा एक नेम

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो, दहीलाह्यांचा घास मुखी पडतो आणि वारकरी घराची वाट धरतो. पुढे कार्तिकीपर्यंत नेमाचे दिवस. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी पोथी लावतो. यंदा आम्ही हरिभक्तांना आणखी एक नेम सुचवितो. घरातील भाजीपाल्याचा व निर्माल्याचा कचरा घराबाहेर जाऊ द्यावयाचा नाही. त्याचे खत करावयाचे, आणि तेही सर्व कुटुंबाने मिळून.

"महाराज, कचऱ्यावर कसले प्रवचन?" असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा! गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी अन्न, पर्जन्य, यज्ञ व कर्म यांचे चक्र सांगितले आहे आणि ते पुढे न चालविणाऱ्याचे जिणे फुकट, असा निर्वाळाही तेथेच दिला आहे. भाजी जमिनीने दिली, आपण खाल्ली, साल उरली. ती साल जमिनीला परत गेली तर चक्र चालले. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून फेकली तर ते आपल्या दारातच तुटले. आणि निर्माल्य? विठुरायाला भावाने वाहिलेली तुळस त्याच पिशवीत घालून चंद्रभागेत भिरकावणारे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. कपाळीचा बुक्का अजून पुसलेला नसतो हो!

वडीलधाऱ्यांची शंका सोवळ्याची असते. घरात कुजके ठेवणे ओवळे नव्हे काय? याचे उत्तर असे की, कुजणे वेगळे आणि जिरणे वेगळे. हवा कोंडली की पदार्थ सडतो, घाण सुटते. हवा खेळती असली की सूक्ष्म जीव त्याचे पचन करतात, जठराग्नी अन्नाचे करतो तसे; म्हणून तर मोठा ढीग आतून ऊन लागतो. वृंदावनातील माती तरी कशाची झाली आहे? अरणच्या सावतोबांना मळ्यातच पांडुरंग भेटला. त्या मळ्यात खत नव्हते की काय!

ही विद्या परकीही नव्हे. इंदूर येथे आल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची पद्धत बसविली, तिचे पुस्तक १९३१ साली निघाले; त्यावर यशवंत वाड यांचेही नाव आहे. पुढे पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी भोकाभोकांच्या विटांचे टाके काढले, ते त्यांच्या नावावरून 'नाडेप' झाले. आपल्याला एवढे नको. एक जुना माठ पुरे.

माठाला तळाशी व अंगाला भोके पाडावी. आत खापरांचे तुकडे, वर नारळाची शेंडी पिंजून तीन-चार बोटे घालावी. (कीर्तनकाराच्या घरी नारळांना तोटा नसतो!) करवंटी मात्र घालू नये. मग एक ओंजळ ओल्या साली आणि दोन ओंजळी वाळलेला पाला, असे थर देत जावे. प्रारंभी मूठभर जुने शेणखत किंवा आंबट ताकाचा शिपका द्यावा. तेलकट व शिजलेले अन्न नको. आठवड्यातून दोनदा काठीने खालीवर करावे. मुठीत दाबले असता हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. वास आला तर ओल जास्त झाली, पाला वाढवावा. मुंग्या झाल्या तर कोरडे पडले, पाणी शिंपडावे. माठ पडवीत किंवा गॅलरीत पावसापासून झाकून ठेवावा, पण झाकणातून हवा जाऊ द्यावी.

खरी गोम पुढे आहे. उत्साह पुरुषमंडळींचा आणि निस्तरणे सूनबाईचे, अशी घरोघरची रीत. चौथ्या दिवशी वास सुटतो, "तुझेच लक्ष नाही" म्हणून तिलाच बोलणी बसतात आणि आठव्या दिवशी माठ रस्त्यावर! याला नेम म्हणत नाहीत. गोकुळात प्रत्येक गोपाळाने आपली शिदोरी सोडली, सगळी एकत्र कालविली, तेव्हा काला झाला. एकट्या पेंद्याच्या शिदोरीचा झाला नाही. तेव्हा आजोबांनी हारांचे दोरे काढून फुले कुस्करावी. हल्ली ते दोरे नायलॉनचे असतात, ते जिरत नाहीत. नातवंडांनी पाला गोळा करावा; त्यांना हे काम सांगावेही लागत नाही. कालविण्याची काठी घरच्या कर्त्या पुरुषाने हाती घ्यावी. सूनबाई भाजी चिरतेच आहे, तेवढे पुरे. एकादशीला रताळ्याच्या व केळ्यांच्या सालींनी माठ दुप्पट भरतो, आमच्या उपवासाचे खरे रूप तेथे दिसते. त्या दिवशी पालाही दुप्पट घालावा.

माठ भरला की दुसरा लावावा आणि पहिल्यात भर घालणे थांबवावे. दोन-तीन महिन्यांत त्यातले काळे, भुसभुशीत होते आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. कार्तिकी द्वादशीपासून तुळशीची लग्ने लागतात. त्याआधी वृंदावनातील माती उकरून तीन भाग मातीस एक भाग खत मिसळावे. चाळून उरलेल्या काड्या व आंब्याच्या कोयी टाकू नयेत, त्या पुढच्या माठाच्या तळाशी घालाव्या.