‘नाही’ आणि ‘सांगत नाही’

आमच्या घरी दिवाळीच्या फराळाचे डबे माजघरातल्या फडताळात वरच्या फळीवर असत. धाकटी काकू आम्हां पोरांना हटकून सांगे, “डबा रिकामा आहे रे!” आजीचे तसे नव्हते. डबा भरलेला असो वा रिकामा, तिचे उत्तर ठरलेले : “अभ्यंगस्नानाआधी डब्याचं विचारायचं नाही.” काकूचा आम्हांला राग येत नसे, कारण तिच्या बोलण्यावर आमचा विश्वासच नव्हता. आजीचा मात्र फार येई.

हे सारे आठवले ते मोहोपाड्याच्या एका कारखान्यात, संगणकासमोर बसलो असताना. रसायनीला लागून असलेल्या या गावात निम्म्या घरांचे दिवस पाळीच्या भोंग्यावर उगवतात आणि मावळतात. आमच्या कारखान्याचे दप्तर ओरॅकल नावाच्या डेटाबेसमध्ये असते. काही चुकले की तो एक आकडा फेकतो. त्याचा अर्थ सांगणारे ‘ओईआरआर’ नावाचे चिमुकले साधनही त्याच्याबरोबर येते. काळ्या पडद्यावर ते नाव आणि आकडा टंकला की चुकीचे नाव, कारण आणि उपाय अशा ओळी उमटतात. पंचांगात तिथी पाहावी, तसा मी त्यात पाही. आणि पंचांगावर ठेवतात तितकाच त्यावर विश्वास ठेवी.

एके दिवशी कर्जतकडचे एक निवृत्त कामगार आले. त्यांना जुन्या नोकरीचा दाखला हवा होता. मी जुन्या कामगारांचा तक्ता मागवला. उत्तर आले : ओरा-९४२. साधनाला विचारले, तर “तक्ता किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही,” एवढेच. कारणापुढे कोरे. उपायापुढेही कोरे. मी म्हणालो, “काका, तुमच्या वेळची नोंदच नाही.” ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग “बरं, साहेब,” म्हणाले आणि पिशवी उचलून एस.टी.च्या थांब्याकडे गेले.

चार दिवसांनी डेटाबेस सांभाळणाऱ्या बाई सहज म्हणाल्या, “तक्ता आहे की! तुम्हाला पाहायचा अधिकार नाही, एवढंच.”

ही त्या डेटाबेसची रीतच आहे. ‘तुला परवानगी नाही’ म्हटले, तर वस्तू आहे हे तरी परक्याला कळते. चोराला फडताळ दाखवल्यासारखे होते. म्हणून तो सरळ ‘नाही’ म्हणतो. हेतू वाईट नाही, काकूचाही नव्हता.

पण खोटे बोलल्यावाचून गुपित राखताच येत नाही का? मायएसक्यूएल नावाचा दुसरा डेटाबेस पाहा. त्याचे आकडे उलगडणारे साधन ‘पीएरर’. ज्या तक्त्यावर तुमचा कसलाच हक्क नाही, तो वाचू गेलात तर तिथे ११४२ येतो : तुम्हांला मनाई आहे. गंमत अशी की, तक्ता मुळात नसला तरी उत्तर तेच! गुपित शाबूत, आणि खोटे एक अक्षर नाही. आजी काही संगणक शिकली नव्हती.

मित्र म्हणतात, यंत्राने सांगितले ते तू सांगितलेस. तुझा काय दोष? अर्धसत्य बोलताच धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला, पण यंत्राला रथ नसतो, हे खरे. तरीही मन मानत नाही. यंत्र बोलले ते माझ्यापुरते. त्या माणसाच्या साऱ्या नोकरीविषयी बोललो तो मी. आणि कारणापुढची ती कोरी जागा माझ्या डोळ्यांसमोर होती.

दाखला तयार झाल्यावर रविवारी चौकमार्गे कर्जतला गेलो. काका ओटीवर बसले होते.

“सापडली म्हणायची नोंद?”

“हो” म्हणणे किती सोपे होते! “हरवली नव्हती, काका,” मी म्हणालो. “मला पाहायची परवानगी नव्हती, आणि मी कुणाला विचारलंही नाही.”

त्यांनी कागद उजेडात धरला, आपले नाव दोनदा वाचले आणि आत सुनेला चहा ठेवायला सांगितले.