आधी परत करा

1545 सालचा उपवासकाळ. आजच्या मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, चियापास प्रांतातल्या सियुदाद रेआल या शहरात नव्याने आलेल्या बिशपांनी एक आदेश काढला. मूळ रहिवाशांना गुलाम करून ठेवणाऱ्या स्पॅनिश वसाहतवाल्यांना, ते गुलाम मुक्त करेपर्यंत, कोणीही पापक्षमा द्यायची नाही. पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार त्यांनी बहुतेक धर्मगुरूंकडून काढून घेतला आणि मोजक्या विश्वासातल्या माणसांकडे ठेवला. बिशपांचे नाव बार्तोलोमे दे लास कासास. या आदेशाची धार कळायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे आणि ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद घ्यावा, असा नियम 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने घालून दिला होता. ईस्टरच्या दिवशी कोण वेदीपाशी गेला आणि कोण मागे राहिला, हे सगळ्या गावाला दिसे. पापक्षमा नाकारणे म्हणजे शहरातल्या प्रतिष्ठितांची पत भर चौकात काढून घेणे होते. शहर खवळले. तिथल्या कॅथेड्रलच्या डीनने, म्हणजे मुख्य धर्मगुरूने, आदेश मोडून काहींना क्षमा देऊन टाकली, आणि लोक बिशपांच्या घरावर चालून गेले. पुढे लास कासास यांनी ते शहर सोडले आणि 1547 मध्ये ते कायमचे स्पेनला परतले.

उपवासकाळात प्रायश्चित्त म्हणजे काय, याचे उत्तर मला या घटनेत जितके स्वच्छ दिसते तितके उपवासाच्या नियमावल्यांत दिसत नाही. ज्याचे हिरावून घेतले त्याला ते परत देणे, हे प्रायश्चित्ताचे पहिले पाऊल. राख, उपास, क्रुसाच्या वाटेची भक्ती हे सारे त्याच्या सोबतीला येते. त्याची जागा घेऊ शकत नाही. हा विचार लास कासास यांच्या पदरचा नव्हता. यशयाच्या 58 व्या अध्यायात उपास करूनही देव लक्ष देत नाही अशी तक्रार करणाऱ्यांना संदेष्टा त्यांच्याच मजुरांकडे बोट दाखवतो, आणि जुलमाचे जू मोडणे हाच देवाला हवा असलेला उपास आहे असे सांगतो. हा उतारा आजही राखेच्या बुधवारनंतर दोनच दिवसांनी मिस्सेत वाचला जातो. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय येशूपुढे उभा राहतो तेव्हा तो आपल्या भावनांविषयी एक अक्षर बोलत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याला चौपट, असा हिशेबच तो मांडतो. चोरलेले परत करणे शक्य असूनही जो करत नाही त्याचा पश्चात्ताप हे सोंग आहे, असे संत ऑगस्टीन यांनी एका पत्रात स्पष्ट लिहिले, आणि कॅथलिक नीतिशास्त्राने ते पुढे कायम धरले. लास कासास यांनी हा निकष आधी स्वतःला लावला होता. ते स्वतः वसाहतवाले होते; मूळ रहिवाशांची वेठ त्यांच्याही वाट्याला आली होती, आणि त्यावरून एका डॉमिनिकन धर्मगुरूने त्यांना पापक्षमा नाकारली होती. 1514 मध्ये क्यूबात प्रवचनाची तयारी करताना बेन सिराच्या ग्रंथाचा 34 वा अध्याय त्यांच्यासमोर आला. गरिबांच्या मालमत्तेतून वाहिलेले अर्पण देवाला नकोसे असते, असे तो सांगतो. त्यानंतर त्यांनी आपल्या ताब्यातली माणसे सोडून दिली.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप श्रद्धेच्या आतूनच येतो. देवाची क्षमा फुकट आहे; मग तिच्यापुढे ही अट कशासाठी? माणसाने आधी हिशेब चुकता करायचा आणि मग देवाने क्षमा करायची, तर कृपेचा सौदा होतो. 1517 मध्ये ल्यूथर यांनी ज्या बाजाराविरुद्ध आवाज उठवला तो हाच ना? पण त्यांच्या 95 प्रबंधांतला पहिलाच प्रबंध श्रद्धावंताचे सगळे आयुष्य पश्चात्तापाचे असावे असे म्हणतो. क्षमापत्रांवर त्यांचा राग होता तो पैसे मोजून पश्चात्तापातून सुटता येते म्हणून. लास कासास यांच्यापुढे बसलेल्या जमीनदारालाही तीच सुटका हवी होती: गुलाम ठेवून क्षमा. परतफेड ही क्षमेची किंमत नव्हे. क्षमा मागणारा खरोखर वळला आहे की नाही, याची ती खूण आहे. लुटीचा माल हातात घट्ट धरून ठेवलेल्या माणसाला फुकट मिळालेलेही घेता येत नाही, कारण त्याची मूठ मोकळी नसते. जक्कयच्या गोष्टीतला क्रम पाहा: येशू त्याच्या घरी उतरायचे आधी ठरवतो, हिशेब नंतर येतो.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. संस्कार रोखून धरणे ही जबरदस्ती आहे, आणि धर्मसत्तेने असे हत्यार पुष्कळदा स्वतःच्या फायद्यासाठी चालवले आहे. हे खरे आहे. पण चियापासमध्ये या आदेशाने चर्चला काय मिळवून दिले? लोकांचा रोष. लाभ व्हायचा होता तो ज्यांना त्या शहरात कसलाच आवाज नव्हता त्यांना. शिवाय, ज्याला क्षमा झालेली नाही त्याला ती झाली असे सांगणे हीदेखील सत्तेचीच खेळी असते, फक्त ती धनवानाच्या बाजूने खेळलेली. पुढे लास कासास यांनी पापनिवेदन ऐकणाऱ्यांसाठी नियम लिहिले. ते 1552 मध्ये सेव्हियात छापले गेले. मुलूख जिंकणाऱ्या स्पॅनिश सैनिकाने मरणशय्येवर नोटरीसमोर कागद करून आपली मालमत्ता परतफेडीसाठी सोपवावी, असे त्यांत आहे. इतका रोखठोक धर्म पुष्कळांना रुक्ष वाटेल. मला त्यात दुखावलेल्याविषयीचा खरा आदर दिसतो, कारण अपराध्याच्या अश्रूंनी त्याची भाकर परत येत नाही.

मात्र या विचाराला एक मर्यादा आहे आणि तीही लास कासास यांच्याच आयुष्यात आहे. मूळ रहिवाशांचे हाल कमी व्हावेत म्हणून त्यांनी एके काळी आफ्रिकेतून गुलाम आणावेत असे सुचवले होते. ती माणसेही तितक्याच अन्यायाने पकडली जातात, हे त्यांना फार उशिरा उमगले. परत काय आणि कोणाला करायचे? मेलेल्यांना काही देता येत नाही. आपल्या ‘इंडीजचा इतिहास’ या ग्रंथात त्यांनी ही सूचना स्वतःच्या नावावर नोंदवली, आणि अज्ञान ही सबब देवापुढे टिकेल याची आपल्याला खात्री नाही असे लिहून ठेवले. हा ग्रंथ 1875 साली छापला गेला. जिथे भरपाई अशक्य होते तिथे अपराध आपल्या नावासकट उघड्यावर ठेवणे तेवढे उरते. ते पुरेसे नाही, पण त्याहून कमी काही केले तर तो खोटेपणा ठरेल.

मग उपास हवाच कशाला, सरळ परतफेड करावी, असे कोणी विचारील. 1966 मध्ये पोप पॉल सहावे यांनी सक्तीचे उपास राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवसांपुरते ठेवले, तेव्हापासून हा प्रश्न अधिकच टोकदार झाला आहे. मला वाटते, उपासाचे काम इथेच कळते. सियुदाद रेआलच्या माणसांना आपण चुकतो आहोत हे समजत नव्हते असे नाही; गुलाम सोडले तर घर कसे चालेल, मुलांना मागे काय उरेल, ही भीती त्यांना सोडत नव्हती. जो परत करतो तो गरीब होतो, निदान पूर्वीपेक्षा थोडा तरी. कमी ताटावर जगता येते हे ज्याच्या शरीराने कधी अनुभवलेच नाही, त्याला ते पाऊल उचलवत नाही. चाळीस दिवस भूक सोसणारा माणूस त्या कमी झालेल्या आयुष्याची सवय करून घेत असतो, म्हणजे मजुराची थकवलेली मजुरी किंवा भावाची दडपलेली जमीन परत द्यायची वेळ आली की त्याचा हात मागे येऊ नये.