रस्त्यातला काटा आणि आपण

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारे नांदेडचे चार-पाच शिक्षक. रविवारी फजरच्या नमाजनंतर मोहल्ल्यातली मुलं सोबत घेऊन जवळच्या बागेत जायचं, हाताला पिशव्या बांधून फुलोऱ्याआधीच गाजरगवत उपटायचं, पायवाटेवरच्या काचा वेचायच्या, कडुनिंबाच्या रोपांना आळी करून पाणी घालायचं, एवढंच आमचं काम. त्याला समाजसेवा म्हणावं इतकं ते मोठं नाही. पण एका रविवारी सातवीतल्या एका मुलानं विचारलं, "सर, ये बाग अपनी है क्या?" आणि आम्ही गप्प झालो.

"सरकारची आहे" म्हटलं असतं तर त्यानं खुरपं खाली ठेवलं असतं. "अपनी है" म्हणायला मात्र जीभ अडखळली. ती का अडखळली, याचा विचार करणं आम्हाला भाग पडलं.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तो आत येतो. किताबी उर्दूत दोन्हींसाठी एकच 'हम'. पण आमच्या घरातल्या दखनीनं मात्र 'हम'च्या शेजारी 'अपन' जपून ठेवलं आहे. मुलानं 'अपनी' विचारलं होतं, आम्ही ते 'आमची' असं ऐकलं. मोहल्ल्याची की शहराची, मुसलमानांची की सर्वांची, हा हिशेब आमच्या मनात होता, त्याच्या नव्हे.

रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करणं हा ईमानचाच एक भाग, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. लावलेल्या झाडाचं फळ माणसानं, पाखरानं, जनावरानं खाल्लं तरी लावणाऱ्याला सदक्याचा सवाब मिळतो, हेही ऐकतो. त्यात रस्त्यानं जाणारा कोण, हे कुठेच विचारलेलं नाही. काट्याला पाय कुणाचा हे कळत नाही. मग काटा उचलणाऱ्याला ते कळायची गरज काय?

इथवर सारं सोपं आहे. अवघड प्रश्न बागेत फिरायला येणाऱ्या एका वडीलधाऱ्यांनी घातला. "मास्तर, घरपट्टी भरता ना? मग झाडू का मारता? तुम्ही फुकट करता म्हणून ज्यांचं काम आहे ते सुटतात." त्यांचं म्हणणं खोटं नाही. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवायच्या विषयांमध्ये उद्यानं आणि क्रीडांगणं स्पष्टपणे लिहिलेली आहेत. शिवाय रविवार आम्हा पगारी माणसांना असतो. हातावर पोट असलेल्या हमालाला किंवा बिगाऱ्याला तो कुठून असणार? बाग फक्त फुरसतवाल्यांच्या मेहनतीवर जगणार असेल, तर ती उद्या फुरसतवाल्यांचीच होईल.

आपल्याकडे फर्ज-ए-किफायाची कल्पना आहे. जनाजाची नमाज काहींनी अदा केली की साऱ्या वस्तीची जबाबदारी उतरते. कुणीच केली नाही तर सारेच गुन्हेगार. बागेला हा नियम लावायला आम्ही आलिम नाही. पण सार्वजनिक कामात आपण या कल्पनेचा सोयीचा अर्धाच भाग उचलतो, असं वाटतं. काहीजण करताहेत ना, मग आपण सुटलो! दुसरा अर्धा भाग, कुणीच केलं नाही तर जाब सर्वांना, हा विसरतो. नागरिक विसरतो, तसंच शासनही विसरतं.

शेजारच्या लातूरनं दोन्ही भाग एकत्र पाहिले आहेत. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. ते शासनाचं कर्तव्य होतं. त्याच वर्षी लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरा नदीच्या पात्रातला गाळ उपसायला घेतला. ते नागरिकांचं होतं. रेल्वे आली म्हणून लोक थांबले नाहीत आणि लोक राबतात म्हणून रेल्वे नको, असंही कुणी म्हटलं नाही. पुढे 2019 पासून तिथली ग्रीन लातूर वृक्ष टीम झाडं लावण्या-जगवण्यासाठी श्रमदान करत आली. तहान सर्वांची असते, तेव्हा 'आम्ही'चं 'आपण' व्हायला फार वेळ लागत नाही. प्रश्न आहे तो तहान नसतानाच्या दिवसांचा.

म्हणून आता आम्ही दोन्ही करतो. खुरपंही धरतो आणि अर्जही लिहितो. खुरप्याशिवाय अर्ज नुसती कुरकुर ठरते, आणि अर्जाशिवाय खुरपं म्हणजे दुसऱ्याच्या कामचुकारपणावर पांघरूण. बागेत पाण्याचा नळ मिळावा म्हणून मुलांकडून मराठीत अर्ज लिहवून घेतला. त्याच सातवीतल्या मुलानं अधिकाऱ्यांना लिहिलं, "आपल्या बागेतील झाडांना पाणी नाही."

आमच्यातल्या एकानं लाल पेन काढलं. अर्जात 'आमच्या' लिहितात, तो म्हणाला. मग त्यानं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं आणि पेन खिशात ठेवलं. अर्ज तसाच गेला. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही देण्याआधीच त्यानं लिहून टाकलं होतं.