बाकावरचं कर्म

कामठ्याच्या लहरी आश्रमात प्रवचन ऐकताना मला गोव्याचा फुटबॉलपटू रोमियो फर्नांडिस आठवतो. 2015 मध्ये धेंपो क्लबकडून तो उसनवारीवर ब्राझीलच्या अतलेतिको परानाएन्सेत गेला, तिथल्या राज्य स्पर्धेत बदली खेळाडू म्हणून उतरला आणि त्याच वर्षी परतला. गीता म्हणते, अधिकार कर्मावर, फळावर नाही. पण बाकावर बसवलेल्याला कर्म तरी कुठे मिळतं? प्रशिक्षकाने हात केला तरच! माझं म्हणणं, रोजचा सराव, बुटाची नाडी घट्ट बांधून सज्ज राहणं, हेच त्याचं पुरतं कर्म. शेतातही तसंच, पावसाने दडी मारली की आमची धानाची रोवणी अडते, पण बांधीचे धुरे मी नीट करतोच. मग संधी अडवणाऱ्याचं कर्म कुणाच्या खात्यात, हे मात्र मला अजून कुणी समजावलेलं नाही.