हरायचे ठरलेले खेळ

अटारी कंपनीचा ‘मिसाइल कमांड’ 1980 साली आला. पडद्याच्या तळाशी सहा शहरे, त्यांच्या राखणीला तीन तळ आणि वरून तिरक्या रेषा ओढत उतरणारी क्षेपणास्त्रे. खेळणाऱ्याने ट्रॅकबॉल फिरवून नेम धरायचा आणि आलेले संकट हवेतच फोडायचे. शत्रूवर उलट हल्ला करायची सोयच नाही. डेव्ह थ्यूरर या प्रोग्रामरने खेळ मुद्दाम तसा बेतला होता, कारण त्याला राखणदारीचा खेळ हवा होता, मारामारीचा नको होता. दिवस शीतयुद्धाचे. या कामाच्या काळात अणुस्फोटाची स्वप्ने पडून आपण दचकून उठत असू, असे त्याने पुढे सांगितले आहे.

दहा हजार गुण झाले की एक जादा शहर मिळते, म्हणजे मरण थोडे पुढे ढकलले जाते. मग वेग वाढतो, बोटे कमी पडू लागतात, शहरे एकेक करून जातात. काही बहाद्दर तासन्तास तग धरतात. पण जिंकल्याचा पडदा त्या यंत्रात कोणी बसवलेलाच नाही.

त्या पिढीतले बहुतेक खेळ असेच होते. 1978 चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’, 1979 चा ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’, 1980 चा ‘पॅकमॅन’. 1981 च्या ‘डाँकी काँग’मध्ये तर नायिकेला एकदा सोडवले, की पुढच्या फेरीत तो वानर तिला पुन्हा उचलून नेतो. शेवट फक्त एकाच प्रकारे होऊ शकतो: खेळणारा हरतो. हे ठाऊक असूनही माणसे रांग लावून खेळत. फळ मिळणार नाही हे आधीच माहीत असलेल्या कर्मात आनंद कशाचा? आणि तो आनंद खरा, की निव्वळ वेळेची नासाडी? घरातल्या वडीलधाऱ्यांचे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. पण या प्रश्नावर तत्त्वज्ञांनी आणि भाष्यकारांनी जे लिहिले आहे, ते वडीलधाऱ्यांइतके सरळ नाही.

त्याआधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या खेळांवर वेदान्त उभारायचा, तर नाण्यांचा डबा आधी उघडून पाहावा. 1972 साली कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या दारूच्या गुत्त्यात अटारीने ‘पाँग’चे पहिले यंत्र ठेवले. थोड्याच दिवसांत ते बिघडल्याचा निरोप आला. खेळ बनवणारा अ‍ॅलन अल्कॉर्न स्वतः गेला, तर बिघाड वेगळाच निघाला: नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता. पुढच्या दहा वर्षांतल्या आर्केडचे अर्थशास्त्र त्या डब्यातच आहे. गिऱ्हाईक दोन-तीन मिनिटांत हरले पाहिजे, पण पुढच्या खेपेला जमेल असे वाटण्याइतपतच. म्हणजे पराभवाची हमी ही आधी धंद्याची सोय होती. तिच्यात जीवनाचे रूपक नंतरच्या लोकांनी पाहिले.

धंद्याने खेळाला आकार दिला हे खरे. तेवढ्याने खेळणाऱ्याचा आनंद खोटा ठरत नाही. जत्रेत दुकाने असतात म्हणून जत्रेला गेलेल्यांची भक्ती नकली, असे कोणी म्हणत नाही.

‘स्पेस इन्व्हेडर्स’ जवळून पाहिला, तर हा आनंद कसा घडतो ते दिसते. जपानच्या तैतो कंपनीतल्या तोमोहिरो निशिकाडो यांनी तो बहुतांशी एकहाती बनवला. पडद्यावर 5 रांगांत 55 आक्रमक असतात. तेव्हाचा प्रोसेसर इतका तोकडा की एका वेळी एकच आक्रमक पुढे सरकवायचा, मग दुसरा, मग तिसरा. साहजिकच 55 जणांची फौज रेंगाळत चालते. गोळ्यांनी ती पातळ होऊ लागली की फेरी लवकर पुरी होते आणि उरलेले झपाट्याने सरकू लागतात. शेवटचा एकटा तर वेड लागल्यासारखा धावतो. हा यंत्राचा दुबळेपणा निशिकाडोंच्या ध्यानात आला होता. त्यांनी तो दुरुस्त केला नाही, राहू दिला. सोबत चार सुरांची एक जड धून, तीही वाढत्या वेगाने. त्यामुळे जितके यश, तितकी अडचण वाढते; खेळणारा जिंकत जातो आणि त्याच हाताने स्वतःचा शेवट जवळ आणतो.

योगायोग असा की त्याच 1978 साली बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाचे ‘द ग्रासहॉपर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात शिकवणाऱ्या या गृहस्थाने विटगेनश्टाइनशी वाद मांडला होता. सगळ्या खेळांना लागू पडेल असे एकच लक्षण सापडत नाही, असे विटगेनश्टाइनचे म्हणणे. सूट्सने ते लक्षण देऊन दाखवले: ज्यांची गरज नाही असे अडथळे आपखुशीने अंगावर घेऊन ते ओलांडण्याचा प्रयत्न, म्हणजे खेळ. गोल्फचा चेंडू भोकात टाकायचा तर हातात धरून नेऊन टाकणे सगळ्यांत सोपे. तरी माणूस लांब काठी घेतो, कारण त्याला चेंडू भोकात हवा असतो असे नाही, त्याला ती खटपट हवी असते.

पुस्तकाचा नायक इसापच्या गोष्टीतला तो उनाड नाकतोडा. तो मरायला टेकला आहे, आणि शिष्यांना सांगतो की उद्या माणसाच्या सगळ्या गरजा आपोआप भागू लागल्या, कष्ट, रोग, टंचाई काही उरले नाही, तर करण्याजोगे एकच काम शिल्लक राहील: खेळणे. म्हणून खेळ हा कामातला विसावा नाही, काम ज्यासाठी करायचे ते ठिकाण आहे.

भारतीय वाचकाला हे कुठेतरी ऐकल्यासारखे वाटेल. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षाचा आक्षेप असा येतो: ईश्वर पूर्ण आहे, त्याला काही मिळवायचे नाही, तर मग त्याने जग निर्माण केलेच कशाला? हेतू होता म्हणावे तर तो अपूर्ण ठरतो, हेतू नव्हता म्हणावे तर वेडा ठरतो. सूत्रकार उत्तर देतात लीलेचे. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य दाखला देतात सगळ्या इच्छा पुरलेल्या राजाचा, जो काही मिळवायचे नसताना क्रीडेत रमतो. आणि दुसरा दाखला श्वासाचा, जो कुठल्याही हेतूवाचून चालतो. ज्याला काहीच कमी नाही तो करणार काय, या प्रश्नाला आचार्य आणि मरणोन्मुख नाकतोडा जवळपास एकच उत्तर देतात. मधे हजारभर वर्षे, आणि कोणी कोणाचे वाचल्याची खूण नाही.

पण साम्य इथवरच. भाष्यातल्या राजाला नाणे टाकावे लागत नाही. आर्केडमधल्या पोराला काही कमी नाही असे कसे म्हणावे? त्याच्याजवळ तीन लाइफ असतात, खिशात मोजके पैसे, आणि मागे नंबर लावून उभा असलेला उतावळा माणूस. त्याचा खेळ अभावातूनच फुलतो. लीलेच्या कल्पनेत हरण्याला जागा नाही. इथे हरणे हाच खेळाचा कणा.

त्याहून घाईने या खेळांचे नाते जोडले जाते ते गीतेशी. फळाची आशा न धरता कर्म करणारा तो आर्केडचा योगी, असे लिहायला बरे वाटते, पण ते खरे नाही. गुण होते, आणि गुणांची यादी होती. ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’मध्ये मोठा गुणांक काढणाऱ्याला नावाची तीन आद्याक्षरे कोरता येत, आणि त्या तीन अक्षरांसाठी लोक जिवाचे रान करीत. गंमत म्हणजे त्या मूळ यंत्रात ही यादी टिकवण्याची व्यवस्था नव्हती. रात्री वीज बंद केली की सगळी नावे पुसली जात. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

ती कीर्ती पुसली जाऊ नये म्हणून धडपडलेला माणूस वॉल्टर डे. त्याने 1981 साली आयोवा राज्यातल्या ऑटम्वा गावात ‘ट्विन गॅलेक्सीज’ नावाचे आर्केड काढले आणि पुढच्या वर्षी देशभरच्या विक्रमांची नोंदवही सुरू केली. हा डे महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाचा साधक. महर्षींचे विद्यापीठ जवळच्याच फेअरफील्डमध्ये आहे. मन शांत करण्याची साधना करणारा मनुष्य दुसऱ्यांच्या चढाओढीचा हिशेब ठेवत बसला होता, यात हवे तर विसंगती काढता येईल. हिशेब मात्र महागात पडला. नोंदवहीतल्या एका नामवंताचे विक्रम 2018 मध्ये संशयावरून काढून टाकले गेले, खटले झाले, आणि 2024 मध्ये तडजोड झाली. फळाची आसक्ती काय करते ते सांगायला याहून चांगला दाखला शोधावा लागणार नाही.

तरीही गुणांच्या मागे एक वेगळी गोष्ट घडत होती, आणि ‘पॅकमॅन’मध्ये ती स्पष्ट दिसते. तोरू इवातानी यांच्या या खेळात चार भुते आहेत. लाल भूत पॅकमॅन जिथे आहे तिथेच रोख धरते. गुलाबी त्याच्या तोंडापुढच्या चार घरांवर नजर ठेवते. निळ्याचा रोख लाल कुठे आहे त्यावरही ठरतो. आणि नारिंगी लांबून धावत येते, पण आठ घरांच्या आत आले की कच खाऊन आपल्या कोपऱ्याकडे वळते. यात दैव नाही. तीच वळणे त्याच क्षणी घेतली, तर भुतेही त्याच वाटांनी येतात. खेळणाऱ्यांना हे उमगले, त्यांनी वहीत चक्रव्यूहाचे नकाशे काढले, वाटा घोकल्या. पूर्ण निर्दोष खेळाचे गुण होतात 33,33,360. एकही लाइफ न गमावता मोजक्यांनी ते गाठले आहेत.

याच्या शेजारी आपला मोक्षपट ठेवून पाहावा. तो ज्ञानेश्वरांनी रचला असे परंपरा मानते. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, आणि शेवटी मोक्ष. शिकवण कर्माची, पण पुढे जायचे कवड्यांच्या दानावर. तिथे खेळणाऱ्याला काही ठरवता येत नाही, तरी मोक्षाची सोय आहे. ‘पॅकमॅन’मध्ये सगळे खेळणाऱ्याच्या हातात, आणि मोक्ष नाही. कर्मसिद्धान्ताशी कोणाचे जास्त जुळते, हा वाद कीर्तनकारांनी जरूर घ्यावा.

मोक्षाऐवजी ‘पॅकमॅन’मध्ये आहे 256 वी पातळी. पातळीचा आकडा एका बाइटमध्ये साठवलेला, आणि बाइटची धाव 255 पर्यंत. पुढे गेले की उजवा अर्धा पडदा अक्षरे आणि आकड्यांच्या कचऱ्याने भरतो आणि ती पातळी पुरी करताच येत नाही. यात गूढ काही नाही, जागा संपली एवढेच.

‘टेट्रिस’चे पुढे गेले. अलेक्सेई पाजित्नोव यांनी 1984 साली मॉस्कोत इलेक्ट्रॉनिका 60 या संगणकावर तो बनवला. निन्टेंडोच्या घरगुती कन्सोलवरची आवृत्ती 1989 ची. तिच्या 29 व्या पातळीवर ठोकळे इतक्या वेगाने पडतात की तोच शेवट, असे कित्येक वर्षे मानले गेले. मग बटण दाबण्याच्या नव्या रीती निघाल्या, आणि डिसेंबर 2023 मध्ये ओक्लाहोमातल्या 13 वर्षांच्या मुलाने 157 व्या पातळीवर खेळच गोठवला. माणूस हरायच्या आधी यंत्र हरले. ऑक्टोबर 2024 मध्ये 16 वर्षांचा एक खेळाडू, खेळ गोठू नये म्हणून किंचित बदललेल्या आवृत्तीवर, 255 ओलांडून गेला. पातळी पुन्हा शून्यावर आली. या खेळाच्या वर्तुळात त्या घटनेला ‘पुनर्जन्म’ असेच म्हणतात. मोक्ष मिळाला म्हणून हात झाडून उठावे, तर तो गडी पुढे खेळत राहिला.

महाराष्ट्रात हा प्रकार घराघरांत पोचला तो मुख्यतः नव्वदच्या दशकात, फॅमिकॉम या जपानी कन्सोलच्या नकली यंत्रांतून. पोरे त्याला टीव्ही गेम म्हणत, कार्ट्रिजला कॅसेट, आणि चालेना की कॅसेट फुंकायची. डब्यावर 9999 गेम्स छापलेले, आत तेच पाच-सात पुन्हापुन्हा. ‘काँट्रा’ त्यांतला लाडका. हा खेळ जिंकता येतो, आणि बटणांचा एक ठरावीक क्रम दाबला की तीनऐवजी 30 लाइफ मिळतात. सूट्सच्या मते लबाडी करणारा जिंकूच शकत नाही, कारण तो मुळात खेळतच नसतो. पोरांचा व्यवहार त्याहून मजेशीर होता. 30 लाइफवर शेवटच्या राक्षसाला मारून झाले की काही दिवसांत कोणीतरी म्हणे, आता तीनवर करून दाखव. कोणी सांगितले नसताना अडथळा परत मागून घेतलेला. नाकतोड्याचे म्हणणे त्या पोरांनी पुस्तक न वाचता पटवून दिले.

संतांना हे अगदीच परके वाटले नसते. तुकोबांच्या गाथेत फुगडी, हुतुतू, टिपरी, विटुदांडू अशा खेळांवर अभंग आहेत, आणि वारीतले रिंगण आटोपले की वारकरी आजही फुगड्या घालतात. तिथे जिंकणारा कोणी नसतो. अर्थात फुगडीला दुसऱ्याचा हात लागतो, आणि आर्केडचा पुष्कळसा आनंद एकलकोंडा होता, हा फरक लपवण्यात अर्थ नाही. फुगडीपुढे ‘स्पेस इन्व्हेडर्स’ त्या बाबतीत उणाच.

राहिला नाण्यांच्या डब्याचा मुद्दा. इंटरनेट आर्काइव्हने 2014 पासून शेकडो जुने आर्केड खेळ ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतील असे ठेवले आहेत. आता हरवण्यात कोणाचा फायदा नाही, पुढच्या नाण्याची कोणी वाट पाहत नाही, रांगेत कोणी उभे नाही. तरी लोक येऊन खेळतात. ज्यांना हे सगळे वेळेची नासाडी वाटते त्यांनी एखादा निवांत रविवार बघून त्यातला एक खेळ जरूर उघडावा. पहिल्या डावात हरणार हे नक्की. दुसरा डाव का सुरू केला, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.