तुऱ्याला किती गुण?

‘व्हाइट-फेस्ड ब्लॅक स्पॅनिश’ ही कोंबडीची एक जुनी युरोपीय जात. अंग काळे कुळकुळीत, पिसांवर हिरवट झाक आणि चेहरा मात्र चुन्यासारखा पांढरा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये तिचे नाव होते ते मोठमोठ्या पांढऱ्या अंड्यांसाठी. पुढे ती प्रदर्शनांत उतरली. परीक्षकांच्या डोळ्यांत तिचा चेहरा भरला. ज्या पक्ष्याचा चेहरा अधिक मोठा आणि अधिक शुभ्र, त्याला बक्षीस मिळू लागले आणि पाळणाऱ्यांनी त्याच धोरणाने जोड्या लावल्या. पिढ्यान्‌पिढ्या ती पांढरी कातडी पसरत गेली, लोंबू लागली, काही पक्ष्यांच्या तर डोळ्यांवर उतरली. पिल्ले नाजूक निपजू लागली. अंड्यांसाठी नावाजलेली ही कोंबडी हळूहळू शेतकऱ्याच्या अंगणातून उठली आणि हौशी लोकांच्या पिंजऱ्यापुरती उरली.

हे तिच्या शत्रूंनी केले नाही. तिच्यावर जीव टाकणाऱ्यांनी केले. म्हणून ही हकिकत मला अस्वस्थ करते. यावरून ‘कोंबड्यांची सौंदर्यस्पर्धा हाच मुळात वेडेपणा’ असा निकाल देऊन मोकळे होता येते. मला तो निकाल मान्य नाही. जुन्या जाती टिकवायच्या तर त्यांचा आदर्श लिहून ठेवलाच पाहिजे आणि त्या आदर्शावर पक्षी पारखलेही पाहिजेत. पण गुण कशाला द्यायचे आणि पारख नुसत्या डोळ्यांनी करायची की हातांनीही, यावर जात जगते की मरते हे अवलंबून असते.

या प्रदर्शनांचा इतिहास फार जुना नाही. इंग्लंडमध्ये 1835च्या कायद्याने कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली. दहा वर्षांनी, 1845 साली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. त्याच सुमारास आशियातून आलेल्या अवाढव्य, पायांवर पिसे असलेल्या कोचीन कोंबड्यांनी इंग्रजांना आणि अमेरिकनांना वेड लावले. ब्रह्मपुत्रेवरून नाव पडलेली ‘ब्रह्मा’ ही जात याच लाटेतली. 1849 साली बोस्टनलाही प्रदर्शन भरले. किमती भडकल्या, नावांचा घोळ झाला, एकच पक्षी तीन नावांनी विकला जाऊ लागला. ‘अमुक जात म्हणजे नेमके काय?’ याचे उत्तर कागदावर असण्याची गरज या घोळातून निर्माण झाली. 1865 साली विल्यम टेगेटमायर यांनी संपादित केलेला इंग्रजी आदर्श प्रसिद्ध झाला. कोंबड्या आणि कबुतरे यांबाबत डार्विनला माहिती पुरवणारे टेगेटमायर ते हेच. 1873 साली अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने आपले आदर्शांचे पुस्तक काढले. दीडशे वर्षे ते सुधारून सुधारून छापले जात आहे.

या पुस्तकात प्रत्येक जातीचे वजन, बांधा, तुरा, कानाची पाळी, पिसांचा रंग, शेपटीचा कोन सारे नोंदवलेले असते. प्लिमथ रॉक जातीचा प्रौढ कोंबडा साडेनऊ पौंडांचा, म्हणजे सव्वाचार किलोंहून थोडा अधिक, कोंबडी साडेसात पौंडांची, तुरा एकेरी, पाच दात्यांचा. वाकलेले छातीचे हाड किंवा एका अंगाला कलंडलेली शेपूट हे दोष. उघड्या पायांच्या जातीत नळीवर एखादे चुकार पीस दिसले, तर पक्षी बादच. वरवर पाहणाऱ्याला हा काटेकोरपणा अतिरेकी वाटतो. पण वाकडे हाड सांगाड्याची दुर्बलता सांगते आणि नळीवरचे पीस दुसऱ्या जातीच्या रक्ताकडे बोट दाखवते.

लिखित आदर्शाचे मोल याहून मोठे आहे. कोंबडीची पिढी वर्षाची. माणूस चाळीस वर्षे कोंबड्या पाळतो, तेवढ्यात चाळीस पिढ्या त्याच्या हातांखालून जातात. कागदावर काही नसेल, तर तो यंदाचा कोंबडा गेल्या वर्षीच्या कोंबड्याशी ताडून पाहतो आणि ‘आहे तसाच आहे’ म्हणतो. दरवर्षी अर्धी बोटभर घसरण होते आणि ती कुणाच्या ध्यानात येत नाही. आदर्श म्हणजे कळपाची स्मरणशक्ती. ती नसली की जात नावापुरती उरते.

मात्र या स्मरणशक्तीत जे लिहिलेले नाही ते हरवते, आणि जे चुकीचे लिहिले आहे ते निष्ठेने जपले जाते. अँडलूशियन जातीचा आदर्श रंग निळसर राखाडी, पिसाच्या कडेला गडद रेघ. निळ्या कोंबड्याला निळी कोंबडी लावली, तर सरासरी निम्मीच पिल्ले निळी निघतात. पाव काळी, पाव डागाळलेली पांढरी. पाळणारे बिचारे पिढ्यान्‌पिढ्या ‘अशुद्ध’ पिल्ले काढून टाकत राहिले आणि शुद्ध निळा वाण काही हाती लागेना. विसाव्या शतकाच्या आरंभी बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांनी मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांनी याचा उलगडा केला. निळेपणा एका काळ्या आणि एका पांढऱ्या घटकाच्या मिलाफातून येतो. तो शुद्ध होऊच शकत नाही. आदर्शात लिहिलेली गोष्ट निसर्गात स्थिर नव्हती.

पट्टेरी प्लिमथ रॉकचीही अशीच अडचण. पट्ट्यांचा गुण लिंग-गुणसूत्रावर असतो. नराला त्याच्या दोन मात्रा मिळतात, मादीला एकच. त्यामुळे नर नैसर्गिकपणे फिकट आणि मादी गडद. आदर्शाला मात्र दोघे एकाच छटेचे हवे होते. मग प्रदर्शनकारांनी एकाच जातीचे दोन वाण पाळायला सुरुवात केली. एक बक्षिसाचे कोंबडे काढण्यासाठी, दुसरा बक्षिसाच्या तलंगा काढण्यासाठी. म्हणजे पिंजऱ्यात शेजारी ठेवलेली ती देखणी जोडी एका घरातली नसायचीच. नवख्या माणसाने ती विकत घेऊन अंडी उबवली, तर तिच्यासारखी पिल्ले निघण्याची आशा नव्हती.

वायनडॉट जातीची गोष्ट याहून गंभीर. तिचा तुरा गुलाबासारखा, डोक्याला चिकटून बसलेला. कळपात अधूनमधून एकेरी तुऱ्याचे पिल्लू निघते आणि आदर्शाप्रमाणे ते बाद होते. पण गुलाबी तुऱ्याच्या दोन मात्रा असलेल्या नराचे शुक्राणू कमी टिकतात. एकेरी तुऱ्याचा अंश कळपातून जितका कसोशीने काढावा, तितकी अंडी रिकामी निघू लागतात. जुने जाणते पैदासकार एखादा एकेरी तुऱ्याचा पक्षी मागच्या खुराड्यात मुद्दाम राखतात, ते यासाठी. प्रदर्शनाच्या दृष्टीने जो दोष, तोच कळपाचा आधार असतो. शितावरून भाताची परीक्षा होते, एका पक्ष्यावरून कळपाची होत नाही.

निव्वळ रूपावर केलेली निवड अशी फसते. मग निव्वळ उपयोगावर निवड केली तर? तोही प्रयोग झालेला आहे. 1946 ते 1948 या काळात अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ नावाची स्पर्धा झाली. किराणा दुकानांची एक बलाढ्य साखळी आणि सरकारचे कृषी खाते तिच्यामागे होते. स्पर्धकांनी पक्षी पाठवायचे नव्हते, अंडी पाठवायची होती. सगळी अंडी एकाच ठिकाणी उबवली, पिल्ले एकाच खाद्यावर बारा आठवडे वाढवली आणि मग मांस, छाती, वाढीचा वेग, खाद्याचा उतारा पाहिला. पिसांच्या नक्षीला तिथे किंमत नव्हती. 1948च्या अंतिम फेरीत कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हॅन्ट्रेस यांचा कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांचा संकर पहिला आला. स्पर्धा पुन्हा भरली तेव्हा, 1951 साली, तेच जिंकले.

या विजयात भारताचा वाटा आहे. कॉर्निश म्हणजे इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात घडलेली, तिकडे ‘इंडियन गेम’ म्हणून ओळखली जाणारी जात, आणि तिची रुंद, भरीव छाती आली आपल्या असील कोंबड्याकडून. आज आपल्या नाक्यावरच्या दुकानात तासाला दहा सोलले जाणारे ब्रॉयलर असीलचे दूरचे वंशज आहेत.

स्पर्धेने जे मागितले ते तिला पुरेपूर मिळाले. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात 1957 सालचा राखून ठेवलेला वाण आणि 2005 सालचा व्यापारी ब्रॉयलर एकाच खाद्यावर वाढवले. 56 दिवसांनी पहिल्याचे वजन भरले 905 ग्रॅम, दुसऱ्याचे 4202 ग्रॅम. हे यश नाकारण्यात अर्थ नाही. त्यामुळे कोंबडीचे मांस गरिबाच्या ताटात आले. पण त्या गुणपत्रिकेत आयुष्य नव्हते, पायांचे बळ नव्हते, स्वतः प्रजा वाढवण्याची क्षमता नव्हती. ब्रॉयलरच्या आईबापांना आज पोटभर खाऊ घालता येत नाही. घातले तर ते इतके जड होतात की धड जगत नाहीत आणि पैदासही देत नाहीत. स्पॅनिशच्या चेहऱ्याचे जे झाले तेच ब्रॉयलरच्या छातीचे झाले. दोन्हीकडे एकाच अवयवाला सारे गुण दिले गेले.

मधली वाट आहे आणि काहींनी ती चालून दाखवली आहे. अमेरिकेतल्या पशुधन-संवर्धन संस्थेने 2009 साली ‘हेरिटेज’ कोंबडीची व्याख्या केली. जात जुन्या आदर्शांच्या पुस्तकात विसाव्या शतकाच्या मध्याआधी नोंदलेली हवी. पक्ष्यांनी नैसर्गिक जोडीने प्रजा वाढवावी. मोकळ्या हवेत कोंबडी पाच ते सात आणि कोंबडा तीन ते पाच वर्षे पैदाशीच्या कामाचा राहावा. बाजाराचे वजन सोळा आठवड्यांच्या आत येऊ नये. या व्याख्येत रंगरूप आहे, पण ते एकटे नाही. त्याच्या शेजारी आयुष्य, प्रजनन आणि वाढीची सबुरी बसवली आहे.

त्याच संस्थेने 2005 पासून ‘बकाय’ या जातीवर केलेले काम मला अधिक बोलके वाटते. ओहायोतल्या नेटी मेटकाफ या बाईंनी घडवलेली ही तांबूस तपकिरी जात 1904 साली आदर्शांच्या पुस्तकात दाखल झाली आणि शतकभरात नष्ट होण्याच्या काठावर आली. ती सावरणाऱ्यांनी आधी पक्षी हातात घेतला. सोळा आठवड्यांच्या वयाला प्रत्येकाचे वजन केले, कवटीची रुंदी चाचपली, पंखांमागून छातीचा घेर पाहिला, पाठ सपाट आणि शेवटपर्यंत रुंद आहे का, छातीचे हाड लांब आणि सरळ आहे का, हे बोटांनी तपासले. या चाळणीतून उतरलेल्या पक्ष्यांतूनच मग रंग आणि तुरा पाहिला. क्रम आधी बांध्याचा, मग रंगाचा. घर बांधून झाल्याशिवाय रंगारी बोलवायचा नसतो.

अंड्यांच्या कोंबडीचीही हाताची परीक्षा आहे. ओटीपोटाच्या दोन हाडांच्या टोकांमध्ये दोन-तीन बोटे मावली तर ती अंड्यावर आहे. जेमतेम एक मावले तर नाही. पिवळ्या कातडीच्या जातीत अंडी घालू लागलेल्या कोंबडीचा पिवळा रंग आधी गुदद्वाराजवळचा उतरतो, मग डोळ्यांभोवतीचा, मग चोचीचा आणि अखेर पायांचा. पांढुरके पाय म्हणजे कित्येक महिन्यांच्या श्रमांची नोंद. ज्या प्रदर्शनात चमकदार पिवळ्या पायांना गुण मिळतात आणि ही नोंद वाचली जात नाही, तिथे आळशी कोंबडी कष्टाळू कोंबडीला हरवते.

हे सारे आपल्यासाठी परके नाही. बैल घ्यायला गेलेला शेतकरी शिंगे आणि वशिंड पाहतो, दात मोजतो, खूर उचलतो आणि चालवून पाहिल्याशिवाय सौदा करत नाही. कोंबडीच्या बाबतीत मात्र आपण नावावर विश्वास ठेवतो. झाबुआच्या कडकनाथला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या काळ्या कातडीचा मुख्य गुण प्रभावी आहे. गावठी कोंबडीशी संकर झाला तरी पिल्लांत काळेपणा बऱ्याचदा उतरतो. म्हणून काळा रंग ही शुद्धतेची खात्री नाही. तरी बाजार रंगच पाहतो. कडकनाथच्या नावाने निघालेल्या योजनांत आपल्या राज्यातले शेतकरी फसले, तेव्हा हातातला पक्षी कसा पारखायचा हे त्यांतल्या किती जणांना कुणी शिकवले होते?

नवापूर, नंदुरबार आणि पलीकडे गुजरातच्या सीमेवर ‘बुसरा’ नावाची छोट्या चणीची जात आदिवासी घरांनी जपली आहे. पशुपक्ष्यांच्या जाती नोंदवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेकडे तिची रीतसर नोंद आहे आणि ते काम मोलाचे आहे. पण नोंदीत पक्षी कसा आहे याचे वर्णन असते. आदर्श सांगतो की तो कसा असावा, उद्या जोडी लावताना कोणता ठेवावा आणि कोणता काढावा. ही दुसरी पायरी आपल्याला चढायची आहे, आणि ती चढताना स्पॅनिशचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवायचा आहे.

बुसराचा आदर्श शहरातल्या टेबलावर लिहिला जाऊ नये. जी बाई खुडूक कोंबडीखाली अंडी मांडताना ठरवते की ही त्या कोंबडीची, जिने घारीपासून सगळी पिल्ले राखली, ती या विषयातली परीक्षक आहे. तिला आधी विचारा. मग शास्त्रज्ञाने तराजू आणि नोंदवही आणावी. त्या गुणपत्रिकेत खुडूक बसण्याला गुण असावेत, पिल्ले जगवण्याला असावेत, चौथ्या वर्षीही अंडे देण्याला असावेत, उकिरडा उकरून स्वतःचे पोट भरण्याला असावेत. तुऱ्याला आणि पिसांना अवश्य गुण द्यावेत, कारण देखण्या गोष्टी माणूस अधिक जपतो. पण ते गुण शेवटी मोजावेत.