मुलूखगिरी

लिस्बनमधला आमचा पहिला दिवस. आम्ही चौघी होतो: एक पणजीची, एक कोलकात्याची, मी, आणि जिच्या घरी उतरलो होतो ती पोर्तुगीज मैत्रीण. चौघीही भाषांतर करणाऱ्या, त्यामुळे शहर बघण्यापेक्षा पाट्या वाचण्यातच जास्त वेळ जाणार हे ठरलेलं होतं.

सकाळी पंधरा नंबरच्या ट्रामने बेलेमला गेलो. १८३७ पासून चालू असलेल्या दुकानातले कस्टर्डचे गरम टार्ट खाल्ले, वर दालचिनी भुरभुरवून. "दालचिनी आपल्याकडचीच," पणजीकरीण म्हणाली, आणि आम्ही सगळ्या हसलो.

तिथून नदीकाठच्या स्मारकापाशी आलो. ते दगडी जहाजाच्या आकाराचं आहे. नाळेवर राजपुत्र हेन्री उभा आहे आणि त्याच्या मागे दोन्ही बाजूंना दर्यावर्दी, धर्मोपदेशक, कवी. १९४० च्या एका प्रदर्शनासाठी ते तात्पुरतं उभारलं होतं. हेन्रीच्या मृत्यूला पाचशे वर्षं झाली म्हणून १९६० मध्ये ते कायमचं बांधलं. समोरच्या फरशीवर जगाचा मोठा नकाशा आहे. लोक आपापल्या देशावर उभे राहून फोटो काढतात. आम्हीही काढला.

फोटो झाल्यावर पणजीची मैत्रीण माहितीफलकाकडे बघत म्हणाली, "१९६०? तेव्हा माझी आई मडगावात शाळेत जात होती. गोव्यावर अजून यांचाच झेंडा होता." गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. म्हणजे हे स्मारक पूर्ण झालं तेव्हा ते भूतकाळाचं नव्हतं, चालू कारभाराचं होतं.

आमची यजमान ओशाळली. या स्मारकाच्या नावात 'देश्कोब्रिमेंतुश' हा शब्द आहे. झाकलेलं उघडं करणं, असा त्याचा मूळ अर्थ. ती म्हणाली, "शाळेत हा शब्द आम्ही अभिमानाने शिकलो. या नावाचं संग्रहालय काढायचं घाटत होतं, तेव्हा २०१८ मध्ये अनेक इतिहासकारांनी विरोध केला. जिथे आधीच माणसं राहत होती ते 'सापडलं' कसं म्हणायचं?" मराठीत काय म्हणतात, असं तिने विचारलं. मी सांगितलं, "शोध." आमच्याकडे शोध 'घेतात' आणि शोध 'लावतात', शब्द एकच, पुढचं क्रियापद सगळं ठरवतं. हे सांगताना मला जरा बरंच वाटत होतं. आपण दुखावलेल्यांच्या बाजूचे आहोत, ही जाणीव परदेशात फार सुखाची असते.

मग कोलकात्याच्या मैत्रिणीने विचारलं, "आणि आपण आज करतोय त्याला काय म्हणता?" मी म्हटलं, "भटकंती. थट्टेत मुलूखगिरी." आणि ओघात मूळ अर्थही सांगून टाकला: दुसऱ्याच्या मुलखात स्वारी करून चौथाई वसूल करणं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बर्गी."

नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालवर वारंवार चालून गेल्या. १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणला गेला, तो मराठ्यांच्या भीतीने. आपला 'बारगीर' तिकडे 'बर्गी' झाला आणि अंगाईगीतात जाऊन बसला. पण तिला मला इतिहास सांगायचा नव्हता. "तुझ्या भाषांतरात बर्गी दिसले नाहीत," ती म्हणाली.

ते खरं होतं. काही वर्षांपूर्वी मी एक बंगाली कथा मराठीत आणली होती. तिच्यातली आजी नातवाला झोपवताना बर्गींचं नाव घेते. मी तिथे 'दरोडेखोर' लिहिलं. मराठी वाचकाला अडखळायला नको, असं संपादकांना सांगितलं आणि स्वतःलाही. वाचक अडखळला असता हे खरंच होतं. त्याने तिथे अडखळायलाच हवं होतं.

त्या दुपारी मनात दोन पळवाटा येऊन गेल्या. पहिली: अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या स्वाऱ्यांशी माझा काय संबंध? अपराध वारशाने येत नाही, हे मला मान्य आहे. पण अभिमान वारशाने घेताना मी कधी खळखळ केली नव्हती. अटकेपार झेंडे 'आपण' लावले म्हणायचं आणि बंगालमध्ये मात्र 'ते' गेले म्हणायचं, हे व्याकरण अप्रामाणिक आहे. दुसरी पळवाट: सगळ्यांनीच सगळ्यांवर स्वाऱ्या केल्या, तेव्हा हिशेब मिटला. तो मिटत नाही. गोव्यातली साडेचारशे वर्षांची सत्ता आणि बंगालमधली दहा वर्षांची लूट एका मापाची नाही. पण जिचं घर जळलं तिला मापाशी देणंघेणं नव्हतं. आणि दुसऱ्याचा अन्याय दाखवून माझी लपवाछपवी कमी होत नाही.

आमच्या यजमानबाईने तिचा शब्द आमच्यासमोर उघडा केला होता, कुणी मागितलं नसताना. मी मात्र माझा शब्द झाकला होता, आणि तोही भाषांतराच्या नावाखाली.

परतीच्या ट्राममध्ये गर्दी होती. आम्ही दोघी दांडी धरून उभ्या होतो. "आता काय करू?" मी विचारलं. मला वाटलं होतं, ती समजूत घालेल.

"दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा शब्द परत ठेव," ती म्हणाली. "तळटीप नको. विचारू देत लोकांना."

दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही. माझ्या प्रतीत मात्र पेन्सिलीने दुरुस्ती करून ठेवली आहे.